कडकड वाजलं म्हणजे हाड बसलं का?

गेल्या अंकात मानेच्या व्यायामावर दोन परिच्छेद काय लिहिले, या महिन्यात पत्रं आणि मेल यांचा ढीग पडलाय, आणि त्यातले निम्म्याहून जास्त कायरोप्रॅक्टिकवर, म्हणजे मणके हाताने झटक्यात दाबून-पिरगळून करायच्या उपचारावर. रील्सची कृपा. मानेला टॉवेल अडकवून ओढतात, कड्ड वाजतं, माणूस आधी ओरडतो मग रडतो मग हसत उठतो, आणि बघणाऱ्याला वाटतं आपलीही मान अशीच कोणीतरी ओढावी. मी फिजिओथेरपिस्ट आहे त्यामुळे "तुमचं गिऱ्हाईक जातंय म्हणून बोलता" असं म्हणणारे म्हणतीलच, म्हणू देत. गरज असेल तिथे मीसुद्धा पेशंटचे मणके हाताने मोकळे करते, त्यामुळे हाताच्या उपचाराशी माझं वाकडं नाही. त्याच्याबरोबर जी गोष्ट विकली जाते तिच्याशी आहे.

प्रश्न : मी हिंजवडीत आयटीत आहे, वय ३४, रोज नऊ-दहा तास खुर्चीत. दोन वर्षं कंबर दुखतेय. मित्राच्या सांगण्यावरून एका कायरोप्रॅक्टरकडे गेलो, त्याने अशी काही पिरगळली की पाच-सहा वेळा कडकड वाजलं आणि खरं सांगतो ताई, उठलो तेव्हा एकदम हलकं वाटलं. तो म्हणाला तीन मणके सरकले होते ते बसवले, पण परत सरकतील म्हणून २४ सेशनचं पॅकेज घ्या. तिसऱ्या दिवशी दुखणं परत हजर. पॅकेज घेऊ का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नका घेऊ. का ते जरा सविस्तर सांगते कारण हाच प्रश्न अजून अकरा जणांनी विचारलाय.

आधी आवाजाचं बघू. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे छोटे सांधे असतात, त्यात वंगणासारखं पाणी असतं. सांधा झटक्यात ताणला की आतला दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्यात गॅसची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एमआरआय मशीनमध्ये बोट ओढून हे चक्क शूट केलंय. कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड अंगर नावाच्या डॉक्टरांनी तर साठेक वर्षं रोज फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, कारण लहानपणी आई म्हणायची बोटं मोडलीस तर संधिवात होईल. झाला नाही, दोन्ही हात सारखेच राहिले, आणि २००९ साली त्यांना त्याबद्दल इग नोबेल हे गमतीचं बक्षीस मिळालं. मुद्दा काय, तर आवाज म्हणजे हाड जाग्यावर बसल्याची पावती नव्हे. खरोखर पुढे सरकलेला मणका असतो, तो एक्सरेत दिसतो आणि तो हाताने दाबून मागे जात नाही, तसा प्रयत्नही कोणी करू नये. तुमचे तीन-तीन सरकले असते तर तुम्ही दुचाकीवर बसून घरी गेला नसता.

मग हलकं का वाटलं? तेही खोटं नाही. झटक्याने आजूबाजूचे आखडलेले स्नायू थोडा वेळ सैल पडतात, मेंदूकडे जाणारा दुखण्याचा निरोप जरा मंदावतो, शिवाय कोणीतरी अर्धा तास आपल्या पाठीकडे लक्ष देतंय याचाही गुण असतोच. पण हा गुण काही तासांचा, फार तर दोन-चार दिवसांचा. म्हणून तर २४ सेशन.

"मणका सरकला" ही भाषा आली कुठून तेही ऐका. अमेरिकेत आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट म्हणून गाव आहे, तिथे डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करायचे. सप्टेंबर १८९५ मध्ये त्यांनी इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड या माणसाच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याचं गेलेलं ऐकू येणं परत आलं असा दावा केला. आता ऐकण्याची नस कवटीच्या आतल्या आत मेंदूला जाते, पाठीत उतरतच नाही, पण पामर साहेबांनी तिथून थेट सिद्धांत मांडला की जवळपास सगळे आजार मणके जागचे हलल्याने होतात. १९०६ साली परवान्याशिवाय डॉक्टरकी केली म्हणून ते तुरुंगातही जाऊन आले. पुढे त्यांच्या मुलाने धंदा जोरात वाढवला.

आज सगळे कायरोप्रॅक्टर असंच मानतात असं मुळीच नाही हां. अमेरिकेत चारेक वर्षांचा कोर्स करून परवाना घ्यावा लागतो, आणि त्यातले बरेच जण आता कंबर-मानेपुरतंच बोलतात, व्यायामही देतात. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मणक्यांवरचा हाताचा उपचार चालेल अशा यादीत आहे, मसाजही आहे. पण त्याच यादीत व्यायाम आहे आणि पेशंटला नीट समजावून सांगणं आहे, आणि मला विचाराल तर तेच दोन शेवटपर्यंत पुरतात. आपल्याकडची अडचण वेगळीच, भारतात कायरोप्रॅक्टरसाठी डॉक्टर किंवा नर्ससारखी कौन्सिल, नोंदणी असं काही नाही. बाहेर शिकून आलेला आणि वीकएंडला वर्कशॉप केलेला, दोघांची पाटी सारखीच. तेव्हा कुठे शिकलात, किती वर्षं शिकलात हे तोंडावर विचारायचं, लाजायचं नाही.

तुमच्यासाठी सांगायचं तर, बसणं हे काही विष नाही, न हलता बसणं त्रास देतं. मणक्यांमधल्या गाद्यांना मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, आजूबाजूने पाझरून येतं त्यावर त्या जगतात, आणि दाब पडणं-सुटणं चालू राहिलं की ही देवाणघेवाण बरी होते. रात्री त्या पाणी ओढून फुगतात, त्यामुळे सकाळी आपण संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असतो, मोजून बघा घरी, मुलांना मजा वाटते. याच कारणाने उठल्या उठल्या वाकून जड बादली उचलू नये, अर्धा-एक तास जाऊ द्यावा. ऑफिसात मोठी बाटली भरून ठेवू नका, लहान ग्लास ठेवा म्हणजे दर वेळी उठावं लागेल. रोज अर्धा तास भरभर चालणं आणि आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचे व्यायाम, जवळच्या फिजिओकडून एकदा शिकून घ्या आणि मग घरी करा. पॅकेजच्या पैशात चांगले बूट येतील.

प्रश्न : ताई, आम्ही संगमेश्वर तालुक्यातले. लावणीच्या दिवसात मला उसण भरली, उठता येईना की बसता येईना. सासूबाईंनी वाडीतल्या पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) काकूंना बोलावलं, त्यांनी कंबरेवर तीनदा पाय लावला आणि चार-पाच दिवसांत मी परत शेतात. मुलगा मुंबईला असतो तो हसतो आम्हाला. पायाळूचा खरंच गुण येतो का हो?

उत्तर : मुलाला सांगा हसू नको, तुझ्या मुंबईत लोक याच्याच पन्नासपट पैसे मोजतात. मलाही लहानपणी आजोळी पायाळू मामाने हळूच लाथ मारलीय, आणि मी पण बरी झाले. (आता पायाळू बाळं बहुतेक सिझेरियननेच येतात, मग ती पायाळू धरायची का नाही असा आमच्या घरी एकदा वाद झाला होता, अजून मिटलेला नाही.)

उसण म्हणजे बहुतेक वेळा कंबरेचा स्नायू किंवा सांध्याभोवतीचा भाग लचकतो आणि मग सगळे स्नायू त्याला वाचवायला म्हणून आखडून बसतात. ती पहिले दोन दिवस जीव नकोसा करते आणि मग बहुतेकांची चार-आठ दिवसांत आपोआप उतरत जाते. आता बघा, माणूस पायाळूला कधी बोलावतो? दुखणं टिपेला पोचल्यावर. टिपेनंतर उतारच असतो, मग श्रेय ज्याने शेवटचा हात किंवा पाय लावला त्याला. गोळीला, पट्ट्याला, काकूंना, कायरोवाल्याला, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर कधी कधी मलाही. काकू बिचाऱ्या चहावर भागवतात हा फरक. फक्त एक, पाय नुसता टेकवायचा, जोर द्यायचा नाही, आणि साठीच्या पुढच्या बाईच्या पाठीवर तर अजिबात नाही, हाडं ठिसूळ झालेली असली तर मणका दबून मोडू शकतो.

पुढच्या वेळी गरम शेक घ्या आणि मुख्य म्हणजे आठ दिवस अंथरूण धरू नका, घरातल्या घरात का होईना हळूहळू चालत राहा. लावणीत दर वीस मिनिटांनी उभं राहून कंबरेवर हात ठेवून पाच वेळा मागे वाका, सोबतच्या बायकांनाही करायला लावा, मुकादम बघत राहिला तर राहू दे. पायात मुंग्या उतरून पाऊल लुळं पडत असेल तर मात्र काकू नकोत, डॉक्टर.

प्रश्न : वडील (वय ६२, बीपीची गोळी चालू) दर महिन्याला दाढी-कटिंगनंतर सलूनमध्ये चंपी करून मान दोन्हीकडे मोडून घेतात. मी नको म्हणतो, ते म्हणतात तीस वर्षं घेतोय.

उत्तर : चंपी खुशाल घ्या काका, मान देऊ नका. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना जी भोकं असतात त्यातून वर चढतात, आणि सगळ्यात वरच्या मणक्याशी वळण घेतात. मान अचानक झटक्याने फिरवली की तिथे धमनीच्या आतल्या अस्तराला चीर जाऊ शकते, गुठळी धरते, आणि त्यातून लकवा. हे क्वचित होतं, पण होतं, धडधाकट तरुणांनाही झालेलं आहे, आणि तुमच्या वयात बीपी असताना विषाची परीक्षा कशाला. मान मोडल्यानंतर कधीही न दुखल्यासारखं डोकं-मान दुखलं, गरगरलं, एकाचे दोन दिसले, बोलताना जीभ अडखळली तर झोपून बघू म्हणायचं नाही, सरळ हॉस्पिटल. शिकलेल्या कायरोप्रॅक्टरने केलं तरी मानेच्या झटक्याला हा धोका चिकटलेलाच आहे, त्यामुळे मानेसाठी मी स्वतः झटका वापरत नाही आणि कोणाला घ्या म्हणत नाही.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा, साताऱ्यात क्लबकडून फास्ट बॉलिंग टाकतो, उजव्या हाताने. दोन महिने कंबर डाव्या बाजूला खाली दुखते, बॉलिंग टाकली की जास्त, एरवी कमी. एक्सरे नॉर्मल. कोच म्हणतात मणका अडकलाय, पुण्याला कायरोप्रॅक्टरकडे नेऊन मोकळा करून आणा, पुढच्या महिन्यात सिलेक्शन आहे.

उत्तर : सर, या महिन्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र मला तुमचं वाटलं. आज, म्हणजे हे वाचताय त्या दिवसापासून बॉलिंग बंद, आणि पाठीला कोणाचाही हात नको.

उजव्या हाताचा वाढत्या वयातला फास्ट बॉलर, डाव्या बाजूला खाली दुखणं, बॉल टाकताना जास्त. हे वाचून कुठल्याही स्पोर्ट्स फिजिओच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते मणक्याच्या मागच्या कमानीतल्या स्ट्रेस फ्रॅक्चरचं, म्हणजे परत परत ताण पडून हाडाला जाणाऱ्या तड्याचं. बॉल सोडताना बॉलर एकाच वेळी मागे वाकतो, बाजूला झुकतो आणि वळतो, आणि नेमकं तेव्हाच पुढचा पाय धाडकन जमिनीवर आदळतो, अंगाच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त जोर त्या पायातून वर येतो. हा सगळा मार कमरेच्या खालच्या मणक्यांच्या एका बारीक हाडावर बसतो, बॉलिंगच्या हाताच्या उलट्या बाजूला. एकदा आदळून काही होत नाही, पण लोखंडी तार परत परत वाकवली की जशी तुटते तसं. पंधराव्या वर्षी हाड अजून पक्कं झालेलं नसतं आणि मुलं शाळेकडून, क्लबकडून, गल्लीत, नेटमध्ये टाकत असतात, एकूण बॉल किती झाले ते कोणीच मोजत नाही.

सुरुवातीला हे साध्या एक्सरेत बहुतेक वेळा दिसत नाही, म्हणून "नॉर्मल"वर जाऊ नका. ऑर्थोपेडिक किंवा स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवा आणि एमआरआयबद्दल विचारा. लवकर सापडलं तर नुसत्या विश्रांतीनेही हाड भरून येतं, पण निदान तीन महिने, बऱ्याचदा जास्त. तोपर्यंत दामटत राहिलं तर आरपार तुटतं, आणि दोन्ही बाजूंचं तुटलं तर मणका खरोखर पुढे सरकतो. वर ज्याची चेष्टा केली ते सरकणं इथे खरं होतं बघा. आणि तडा गेलेल्या हाडावर कोणी पिरगळून कडकड केलं तर काय होईल ते तुम्हीच ठरवा.

सिलेक्शनचं दुःख मला कळतं. मुलाला जसप्रीत बुमराहचं सांगा. २०१९ मध्ये पाठीचं स्ट्रेस फ्रॅक्चर, २०२२ मध्ये परत पाठ, ऑस्ट्रेलियातला टी-ट्वेन्टी वर्ल्ड कप घरी बसून बघितला, मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये ऑपरेशन, आणि ऑगस्टमध्ये आयर्लंडविरुद्ध तो थेट कॅप्टन म्हणून परतला. २०२४ च्या वर्ल्ड कपमध्ये तर स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूच ठरला. त्याच्याआधी ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर डेनिस लिलीची पाठ १९७३ मध्ये मोडली होती, तोही परत आला. बोर्डाचे फिजिओ, ट्रेनर सगळे दिमतीला असून बुमराहला अकरा महिने लागले, तिथे आपल्या पोराला एका दुपारी पुण्यात मोकळा करून आणायचा म्हणजे काय. बरा झाला की एक वही करा आणि रोजचे बॉल लिहा, नेटमधले धरून. आठवड्याचा आकडा एकदम दुप्पट होऊ द्यायचा नाही. कोच साहेबांना हे उत्तर दाखवा, रागावले तर माझं नाव सांगा.

प्रश्न : वय २९. महिनाभर कंबर दुखली म्हणून एमआरआय केला, त्यात एल४-एल५ ला डिस्क बल्ज लिहिलंय. दुखणं आता बरंच कमी आहे पण आई म्हणते गादी सरकली, आता वजन उचलायचं नाही, जिम बंद, आणि लग्नाचं बघतायत त्या मंडळींना बोलू नकोस. मी कायमची अधू झाले का?

उत्तर : अगं अजिबात नाही. बल्ज म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली (एल४-एल५) गादी जरा फुगलेली, एवढंच. अजिबात पाठ न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांचे स्कॅन एकत्र करून २०१५ साली एक आढावा आला होता. त्यात तिशीतल्या ४० टक्के लोकांना असाच बल्ज होता, पन्नाशीत ६० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. परत सांगते, यातल्या कोणाचंच काही दुखत नव्हतं. डोक्यावरच्या पांढऱ्या केसांसारखं आहे ते, आतून येतं म्हणून आपल्याला दिसत नाही एवढंच. तुला बघायला येणाऱ्या मुलाचा एमआरआय काढला तर त्यातही निघायची चांगलीच शक्यता आहे, आईला सांग आधी त्याचा रिपोर्ट मागव. खरोखर गादी बाहेर येऊन नस दाबणारा सायटिका वेगळा, आणि गंमत म्हणजे तिथेही बाहेर आलेला भाग शरीर बऱ्याच जणांत महिन्यांत आपणहून शोषून घेतं.

जिम बंद करू नको, वजन कमी करून सुरू कर आणि हळू वाढव. पट्टा रोज लावून बसू नको, वर सांगितलेल्या २०२३ च्या सूचनांमध्ये कंबरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबर ओढून ताणणं) दोन्ही नको म्हटलंय. आणि आईने फळीवर झोपायला लावलं असेल तर उठ तिथून, २००३ मध्ये स्पेनमधल्या तीनशेवर कंबरदुखीच्या लोकांवर प्रयोग झाला होता, त्यात कडक गादीपेक्षा मध्यम गादीवाल्यांना जास्त आराम पडला. आपली कापसाची गादी, पिंजून घेतलेली, बहुतेकांना चालते.

प्रश्न : मुलाकडे एडिसनला आलेय, न्यू जर्सीत. नात दोन महिन्यांची, संध्याकाळी पोटात दुखून रडते. सूनबाईंच्या मैत्रिणी म्हणतात कायरोप्रॅक्टरकडे न्या, इथे बाळांनाही करतात. माझ्या जिवाची घालमेल होतेय.

उत्तर : काकू, नेऊ नका. पोटदुखीच्या रडण्याला त्याचा उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा नाही आणि एवढ्याशा पाठीला हात लावायचं कारणही नाही. याच दाव्यावर इंग्लंडमध्ये सायमन सिंग या विज्ञानलेखकाने २००८ मध्ये पेपरात टीका केली तर तिथल्या कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने त्याच्यावर बदनामीची केस ठोकली. दोन वर्षं चालली, २०१० मध्ये संघटनेनेच मागे घेतली. बाळाच्या डॉक्टरला एकदा दाखवा, ताप, उलट्या नाहीत आणि वजन वाढतंय ना बघा, मग खांद्यावर घेऊन फेऱ्या मारा. साधारण तीन-चार महिन्यांचं झालं की हे रडणं ओसरतं. सूनबाईंशी वाद नको, हे उत्तर वाचून दाखवा, वाईटपणा माझ्याकडे.

प्रश्न : मिस्टर ४१ वर्षांचे, गवंडीकाम करतात. तीन महिने पाठीच्या मधोमध दुखतंय, रात्री जास्त, संध्याकाळी अंगात कसर असते, सहा किलो वजन कमी झालंय. गावात हाड बसवणाऱ्याकडे तीनदा जाऊन आले, दर वेळी वाढलंच. आता कायरोप्रॅक्टिकचं ऐकलंय, फायदा होईल का? – एक भगिनी, बीड जिल्हा

उत्तर : ताई, तुम्हाला अंकाची वाट न बघता फोन केला होता, इथे लिहितेय ते बाकीच्यांसाठी. रात्री झोपू न देणारं दुखणं, बारीक ताप, घटणारं वजन हे तिन्ही एकत्र असले की पाठ कोणालाही दाबू द्यायची नाही. आपल्या देशात अशा वेळी मणक्याचा टीबी आधी डोक्यात यायला हवा. खोकला नसला तरी असतो, छातीचा एक्सरे साफ असला तरी असतो. तो मणक्याचं हाड आतून पोखरतो, आणि पोखरलेल्या हाडावर जोर दिला तर ते बसून मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. क्वचित कॅन्सरही असा दिसतो, म्हणून तपासणी हवीच. लघवी अडणं किंवा न कळत होणं, बसायच्या जागेला बधिरपणा, पायातली ताकद जाणं यातलं काहीही दिसलं तर रात्री दोन वाजताही हॉस्पिटल गाठायचं, त्यात तास मोजायचे असतात.

टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, मणक्यासाठी ती बरेच महिने, कधी वर्षभर किंवा जास्तही घ्यावी लागतात. फोनवर म्हणालात की काम सुटेल म्हणून ते तयार नाहीत, तर त्यांना सांगा पायाची ताकद शाबूत आहे तोवर गेलं तर परत बांधकामाच्या परांचीवर चढता येईल. जिल्हा रुग्णालयात जाताना गावात काढलेला जुना एक्सरे पिशवीत घ्या, आणि हाड बसवणाऱ्याकडे जाऊन आलो हे डॉक्टरांपासून लपवू नका, ते ओरडले तरी.